एफपीएल ड्राफ्ट: आधी कोणाला उचलायचं हे लीग किती जणांची यावर ठरतं

फँटसी खेळात खऱ्या फुटबॉलपटूंचा आपला संघ निवडायचा आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर गुण मिळवायचे. इंग्लिश प्रीमियर लीगचे असे अधिकृत खेळ (फँटसी प्रीमियर लीग, म्हणजे एफपीएल) एकाहून जास्त आहेत. बजेट, कर्णधार आणि चिप्सवाला (म्हणजे ठरावीक वेळाच वापरायच्या खास सवलतींचा) मोठा खेळ बहुतेकांना माहीत असतो. दुसरा एफपीएल ड्राफ्ट, २०१७-१८ च्या हंगामात सुरू झालेला. तो आपल्याकडे त्यामानाने फार कमी खेळला जातो, आणि याचं खरंच वाईट वाटतं. आठ-दहा जणांचा फुटबॉलवेडा ग्रुप असेल तर हंगामभर गुंतवून ठेवणारा इतका चांगला फुकट खेळ शोधून सापडणार नाही.

ड्राफ्ट म्हणजे हंगामाआधी तुमच्या ग्रुपच्या लीगमधले सगळे पाळीपाळीने, फेरीमागून फेरी, एकेक खेळाडू उचलतात. मुख्य फरक असा की इथे एक खेळाडू त्या लीगमधल्या एकाच टीमकडे असतो. स्ट्रायकर हालांड एकाने उचलला की बाकीच्यांसाठी तो संपला. बजेट नाही, कर्णधार नाही, चिप्स नाहीत, एका क्लबचे तीनच खेळाडू ही अटही नाही. १५ जणांचा संघ मात्र नेहमीचाच: २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड. ही रचना हंगामभर बदलत नाही. डिफेंडर सोडला तर त्याच्या जागी डिफेंडरच घ्यावा लागतो. ड्राफ्टचं सगळं गणित या चार आकड्यांत आहे. तरी बरेच जण मागच्या हंगामाच्या एकूण गुणांची यादी काढतात आणि वरून खाली एकेक नाव उचलत जातात. तिथेच पहिली चूक होते.

खेळाडू किती गुण मिळवेल हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा असा की तो हातचा गेला तर त्याच जागेवर तुम्हाला शेवटी कोण मिळेल? दोघांमधला फरक हीच त्या पिकची (उचलण्याच्या पाळीची) खरी किंमत. हा फरक प्रत्येक जागेवर वेगळा असतो आणि लीगमधल्या माणसांच्या संख्येप्रमाणे बदलतो.

आठ जणांची लीग घेऊ. १२० खेळाडू उचलले जाणार. फॉरवर्ड २४ लागतात. प्रीमियर लीगमध्ये क्लब २०, आणि बहुतेक क्लब समोर एकच स्ट्रायकर उभा करतात. म्हणजे नियमित सुरुवात करणारे फॉरवर्ड साधारण क्लबांच्या संख्येइतकेच, वर दोन-चार. आठ जणांच्या लीगमध्येच ते पुरत नाहीत. मिडफिल्डर ४० लागतात. पण विंगर आणि अटॅकिंग मिडफिल्डर यांनाही हा खेळ मिडफिल्डरच धरतो, त्यामुळे एकेका क्लबात तीन-चार सापडतात. डिफेंडरही ४० लागतात, आणि दर आठवड्याला ८० च्या आसपास मैदानात उतरतात. गोलकीपर लागतात १६ आणि खेळणारे २०, म्हणजे लीग भरल्यावरही चार नियमित गोलकीपर मोकळे फिरत असतात. अशा लीगमध्ये जो सातव्या फेरीत गोलकीपर घेतो तो एक चांगला मिडफिल्डर फुकट दुसऱ्याच्या ताटात वाढतो.

दहा जणांच्या लीगमध्ये गोलकीपर बरोबर २० लागतात आणि खेळणारेही २०. एकाने चुकून राखीव गोलकीपर घेतला तर एक मोकळा राहतो, नाहीतर कोणीच नाही. बारा जणांत २४ लागतात, चार जण कोरडे. सोळा जणांत ३२, म्हणजे बारा टीमकडे दुसरा खेळणारा गोलकीपर असणारच नाही. तिथे नववी-दहावी फेरी उजाडायच्या आत पहिला गोलकीपर घ्यावा, आणि दुसरा म्हणून त्याच क्लबचा राखीव गोलकीपर शेवटच्या फेरीत उचलावा. पहिला जखमी झाला किंवा त्याला लाल कार्ड मिळालं, तर आत येणारा तुमच्याकडेच असतो. लहान लीगमध्ये मात्र हीच चाल एक जागा वाया घालवते.

आता गुण. गोलकीपरचा गोल अपवादानेच होतो, तो सोडू. डिफेंडरच्या गोलला ६, मिडफिल्डरच्या ५, फॉरवर्डच्या ४. असिस्टला, म्हणजे गोल करून देणाऱ्या पासला, सगळ्यांना ३. क्लीन शीटला, म्हणजे संघाने एकही गोल खाल्ला नाही तर, गोलकीपर आणि डिफेंडरला ४, मिडफिल्डरला १, फॉरवर्डला काही नाही, आणि त्यासाठी किमान ६० मिनिटं मैदानावर असावं लागतं. ६० मिनिटं खेळलं की हजेरीचे २, त्याहून कमी तर १. ५९ व्या मिनिटाला बदललेला डिफेंडर क्लीन शीट असूनही एका गुणावर घरी जातो. गोलकीपर आणि डिफेंडरचे दर दोन गोल खाल्ल्यावर एक गुण वजा. पिवळ्या कार्डाला १ वजा, लालला ३.

लिव्हरपूलचा २०२४-२५ चा मोहम्मद सालाह या नियमांवर घासून बघा. त्याने २९ गोल आणि १८ असिस्ट केले. मिडफिल्डर म्हणून नोंद असल्याने गोलचे १४५ आणि असिस्टचे ५४, असे १९९ गुण तिथेच झाले. हजेरी, क्लीन शीटचा एकेक गुण आणि बोनस धरून बेरीज ३४४ वर गेली. एफपीएलच्या इतिहासातला तो विक्रम आहे. हेच २९ गोल फॉरवर्ड म्हणून नोंद असलेल्या खेळाडूने केले असते तर गोलचे ११६ झाले असते. २९ गुण फक्त एका शिक्क्यामुळे. म्हणून ड्राफ्टच्या आधी खेळाडूची या हंगामातली नोंद तपासणं आवश्यक. दर उन्हाळ्यात काहींच्या जागा बदलतात, आणि फॉरवर्डचा मिडफिल्डर झालेला गोल करणारा माणूस ही ड्राफ्टमधली सगळ्यात स्वस्त मिळणारी चांगली वस्तू आहे.

मग पहिला पिक स्ट्रायकर की मिडफिल्डर? पहिल्या तीन पिकमध्ये असाल तर जागेचा विचार बाजूला ठेवून सगळ्यात मोठा गोल करणारा घ्या. चौथ्या पिकपासून पुढे मात्र माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या चार फेऱ्यांत दोन फॉरवर्ड आणि दोन मिडफिल्डर. फॉरवर्ड जास्त गुण देतात म्हणून नव्हे. पाचव्या-सहाव्या फेरीनंतर जे फॉरवर्ड उरतात ते बेंचवरून ७० व्या मिनिटाला येणारे असतात, म्हणून. त्याच फेऱ्यांत उरलेला मिडफिल्डर दर आठवड्याला सुरुवात करतो, कॉर्नर घेतो, कधी पेनल्टीही घेतो. तिसऱ्या फॉरवर्डची मात्र घाई करू नका. मैदानावर किमान एकच फॉरवर्ड लागतो, आणि तीन डिफेंडर, पाच मिडफिल्डर, दोन फॉरवर्ड ही मांडणी या खेळात उत्तम चालते. दहाहून जास्त माणसं असतील तर तिसरा आठव्या फेरीच्या आत, नाहीतर बाराव्यालाही चालतो.

तो तिसरा कुठे शोधायचा? मधल्या आणि खालच्या क्लबांचे खात्रीने ९० मिनिटं खेळणारे स्ट्रायकर बघा. नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या क्रिस वुडने २०२४-२५ मध्ये २० लीग गोल केले. त्याच हंगामात हालांडचे २२ होते. वुडसारखं नाव ड्राफ्टच्या खोलीत कोणाच्या डोळ्यात भरत नाही, पण त्याची जागा पक्की असते आणि पेनल्टीही त्याच्याकडे असते. उलट मोठ्या क्लबचा दुसरा स्ट्रायकर, ज्याच्या नावाला वलय आहे, तो आठवड्याला २० मिनिटं खेळून तुमच्या बेंचवर मुक्काम ठोकतो. आणि एकाच वर्षाच्या आकड्यावर भुलू नका. हालांडने पहिल्या हंगामात ३६ गोल केले, दुसऱ्यात २७, तिसऱ्यात २२. तिन्ही वर्षं तो पहिल्या फेरीतलाच माणूस होता, पण ३६ ची अपेक्षा ठेवून बाकी संघ हलका ठेवणाऱ्यांची दुसऱ्या वर्षी पंचाईत झाली असणार.

डिफेंडरचा हिशेब २०२५-२६ पासून बदलला. बचावाच्या कामाला आता गुण आहेत. क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल (चेंडू दूर मारणं, अडवणं, मधेच पकडणं, हिसकावणं) मिळून एका सामन्यात १० झाले की डिफेंडरला २ गुण. मिडफिल्डर आणि फॉरवर्डसाठी हा आकडा १२ आहे, पण त्यांचे परत मिळवलेले चेंडूही त्यात धरतात. सामन्याला जास्तीत जास्त दोनच गुण, २० क्लिअरन्स केले तरी. परिणाम असा झाला की खालच्या क्लबचा, दिवसभर हेडर मारून चेंडू बाहेर काढणारा सेंटर बॅकही (मधला डिफेंडर) क्लीन शीट नसताना हजेरीचे २ आणि हे २ असे चार गुण आणतो. संघाने दोन गोल खाल्ले तरी तीन राहतात.

वरवर बघता यामुळे डिफेंडर महाग व्हायला हवेत. माझ्या मते ड्राफ्टमध्ये उलटं घडतं. असे सेंटर बॅक जवळपास प्रत्येक क्लबात आहेत, म्हणजे शेवटी उरणाराही बरा निघतो, आणि मधल्या दर्जाच्या डिफेंडरसाठी लवकर पिक खर्च करण्यात अर्थ राहत नाही. लवकर घ्यावेत असे डिफेंडर दोनच प्रकारचे: कॉर्नर-फ्री किक घेणारे किंवा विंगवर वर जाणारे फुलबॅक (कडेचे डिफेंडर), आणि कमी गोल खाणाऱ्या क्लबचे असे सेंटर बॅक जे कॉर्नर-फ्री किकवर गोलही करतात. आर्सेनलचा गॅब्रिएल हा दुसऱ्या प्रकाराचा नमुना. असा एक पाचव्या-सहाव्या फेरीत, बाकीचे चार नवव्या फेरीनंतर. वर जाणारे फुलबॅक बचावाच्या त्या १० पर्यंत सहसा पोचत नाहीत, हेही ध्यानात ठेवावं. त्यांची किंमत असिस्ट आणि क्लीन शीटवरच ठरते.

खरोखरीच्या फुटबॉलमध्ये ड्राफ्ट कसा दिसतो हे २०१७ मध्ये मुंबईतच पाहायला मिळालं होतं. इंडियन सुपर लीगच्या खेळाडूंच्या त्या ड्राफ्टमध्ये नव्या जमशेदपूरने पहिलाच पिक सेंटर बॅक अनस एडाथोडिकावर लावला, १ कोटी १० लाखांना. नवा संघ पाठीमागून बांधायचा तर तो निर्णय बरोबरच. फँटसीत मात्र डिफेंडरवर पहिला पिक लावणाऱ्याला ती चूक हंगामभर भोवते.

आता प्रत्यक्ष ड्राफ्टची खोली. क्रम सोडतीने ठरतो आणि फेऱ्या सापासारख्या वळतात: पहिल्या फेरीत १ ते ८, दुसऱ्यात ८ ते १. पहिला क्रमांक मिळालेल्याचे पिक १, १६, १७, ३२, ३३ असे येतात. १७ आणि ३२ च्या मध्ये तब्बल १४ खेळाडू जातात. चौथ्या क्रमांकाचे ४, १३, २०, २९; मध्ये कधी आठ, कधी सहा. त्यामुळे टोकाला बसलेल्याने पुढची लाट आधीच ओळखायला हवी. समजा १६ आणि १७ वर तुमची पाळी आहे आणि नऊ फॉरवर्ड गेलेत. तुम्ही दोन मिडफिल्डर घेतलेत तर ३२ व्या पिकपर्यंत बघण्यासारखा फॉरवर्ड उरणार नाही. तेव्हा त्या जोडीतला एक फॉरवर्ड घ्यायलाच हवा, यादीत तो चार जागा खाली असला तरी. मधे बसलेल्याला इतकी घाई नसते; तो प्रत्येक वेळी समोरचा सगळ्यात चांगला माणूस घेऊ शकतो. एकाने गोलकीपर घेतला की लागोपाठ तिघे-चौघे घेतात, हेही नेहमी घडतं. लहान लीगमध्ये त्या रांगेत उभे राहू नका. त्या चार पिकांत वर राहिलेला मिडफिल्डर तुमच्याकडे सरकत येतो.

पिकसाठी किती सेकंद द्यायचे ते लीगचा अ‍ॅडमिन ठरवतो. वेळ संपली की गेम तुमच्या वॉचलिस्टमधला (आधी लावून ठेवलेल्या पसंतीच्या यादीतला) सगळ्यात वरचा बसणारा खेळाडू उचलतो, आणि वॉचलिस्ट रिकामी असेल तर स्वतःच्या ड्राफ्ट क्रमवारीतून. म्हणून किमान ६० नावांची वॉचलिस्ट आधी लावून ठेवा, आणि ती जागांप्रमाणे मिसळून लावा. सलग दहा मिडफिल्डर वर ठेवले आणि नेट गेलं, तर पहिल्या पाच फेऱ्यांत पाच मिडफिल्डर हाती येतात. खेळाडू खेळू शकेल की नाही हे सांगणाऱ्या लाल-पिवळ्या निशाण्या ड्राफ्टच्या दिवशी पुन्हा तपासा. लाल म्हणजे खेळणार नाही. पिवळ्यात २५, ५० आणि ७५ टक्के शक्यता असे प्रकार आहेत.

ड्राफ्ट साधारण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात होतो, आणि खेळाडूंच्या बदल्यांची खिडकी महिनाअखेरपर्यंत किंवा सप्टेंबरच्या पहिल्या दिवसापर्यंत उघडी असते. या पंधरा-वीस दिवसांत बरंच काही उलटंपालटं होतं. कोल पामर मँचेस्टर सिटीहून चेल्सीला गेला तो १ सप्टेंबर २०२३ ला. सिटीत असताना त्याला कोणी घेण्याचं कारण नव्हतं. हंगामाअखेर त्याच्या नावावर २२ लीग गोल होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अलेक्झांडर इसाक न्यूकॅसलसाठी खेळतच नव्हता आणि १ सप्टेंबरला लिव्हरपूलला गेला. पहिल्या फेरीत त्याला उचलणाऱ्याचे पहिले आठवडे कोरडे गेले. तेव्हा ज्याच्या जाण्याची चर्चा जोरात आहे तो पहिल्या दोन फेऱ्यांत नको, आणि पंधरावा माणूस असा ठेवा की सोडताना हात थरथरणार नाही.

ड्राफ्टनंतरची मेहनत वेव्हरवर, म्हणजे खेळाडू बदलण्याच्या मागण्यांवर. मोकळ्या खेळाडूंसाठी तुम्ही मागण्या टाकता, ‘हा आत, तो बाहेर’ अशा जोड्यांनी, आणि त्या गेमवीकच्या (सामन्यांच्या एका फेरीच्या) डेडलाईनच्या २४ तास आधी एकदम निकालात निघतात. पहिल्या वेळी ड्राफ्टच्या उलट क्रमाने, पुढे गुणतक्त्यात जो खाली त्याची मागणी आधी. एक मागणी मंजूर झाली की त्या फेरीपुरते तुम्ही रांगेच्या शेवटी जाता. म्हणून सगळ्यात हवा असलेला वर, आणि त्याच ‘बाहेर’ माणसासमोर तीन-चार पर्यायी ‘आत’ नावं खाली लावून ठेवा. बरेच जण एकच मागणी टाकतात, ती दुसऱ्याला जाते आणि आठवडा वाया जातो. वेव्हर झाल्यावर जे उरतात ते डेडलाईनपर्यंत फ्री एजंट. जो आधी क्लिक करेल त्याचा.

दुखापतीत माणूस धरायचा की सोडायचा, हा इथला सगळ्यात अवघड निर्णय. मोठ्या खेळात तुम्ही विकून नंतर परत घेऊ शकता. इथे सोडलेला सालाह त्याच आठवड्यात दुसऱ्याचा होतो. जखमींसाठी वेगळी जागाही हा खेळ देत नाही, हा त्याचा खरा दोष. सर्वसाधारण हिशेब असा ठेवा: पहिल्या तीन फेऱ्यांतला माणूस सहा-आठ आठवडे बेंचवर सांभाळावा, सातव्या फेरीनंतरच्याला तीन आठवड्यांहून जास्त नाही. आफ्रिका कपचंही तेच, कारण आफ्रिकी खेळाडू तेव्हा क्लब सोडून आपल्या देशाकडून खेळायला जातात. २१ डिसेंबर २०२५ ते १८ जानेवारी २०२६ ही स्पर्धा मोरोक्कोत होती. सालाह आणि ब्रायन एमब्युमो दोघं एकाच टीममध्ये असणाऱ्याला बेंच आधीच तयार ठेवावं लागलं. बेंचचा क्रमही नीट लावा: आपोआप बदली तेव्हाच होते जेव्हा पहिल्या अकरातला माणूस एकही मिनिट खेळत नाही. तो शेवटचं एक मिनिट जरी उतरला तरी एका गुणावर समाधान.

उणिवा आणखी आहेत. गुणांचे नियम बदलता येत नाहीत, संघाचा आकारही नाही. ज्यांना ते हवं त्यांनी फँट्रॅक्स या दुसऱ्या फँटसी साईटकडे बघावं, मात्र तिथली मांडणी नवख्याला जड जाते. लीगमध्ये २ ते १६ जण घेता येतात, पण दोन्ही टोकं टाळावीत. चार जणांत ६० च खेळाडू जातात, सगळ्यांकडेच तारे, आणि वेव्हरला काही अर्थ उरत नाही. सोळा जणांत २४० जातात, आणि २० क्लबांचे पहिले अकरा मिळून होतात २२०. म्हणजे दर आठवड्याला कोणाचे ना कोणाचे तीन-चार रिकामे. आठ ते दहा हा आकडा उत्तम. ग्रुप बारा-चौदाचा असेल तर सहा-सात जणांच्या दोन लीग करा. गुणांच्या बेरजेऐवजी समोरासमोरचे सामने निवडा, जिंकल्यास ३ आणि बरोबरीला १. मागे पडलेला माणूसही मग मार्चपर्यंत टीम लावत राहतो. अ‍ॅडमिनने ट्रेडला (दोन टीममधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीला) मंजुरी कशी हवी तेही ड्राफ्टच्या आधीच ठरवून सगळ्यांना सांगावं. एप्रिलमध्ये तळाच्या टीमने मित्राला आपला सगळ्यात चांगला स्ट्रायकर देऊन टाकला की भांडणं तिथूनच होतात.

भारतातून खेळताना वेळा पाठच करून ठेवा. डेडलाईन गेमवीकच्या पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटं आधी असते. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी साडेबाराचा सामना पहिला असेल, तर ऑक्टोबरअखेरपर्यंत आपली डेडलाईन शनिवारी दुपारी साडेतीन आणि वेव्हर शुक्रवारी दुपारी साडेतीनला, म्हणजे ऐन ऑफिसात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि दोन्ही वेळा साडेचारवर येतात. शुक्रवारी रात्री आठचा सामना असेल तर मात्र सगळंच एक दिवस आधी सरकतं: उन्हाळी वेळेत डेडलाईन आपल्या शुक्रवारी रात्री अकराला आणि वेव्हर गुरुवारी रात्री अकराला, हिवाळ्यात दोन्ही मध्यरात्री बाराला. शनिवारची सवय झालेल्यांचा पहिला वेव्हर याच आठवड्यात हुकतो.